बाकोलोदच्या निखाऱ्यावरचं इनासाल

फिलिपिन्समधल्या इलोइलोहून फेरीबोटीत बसलं की तासा-सव्वातासात नेग्रोस बेटाचा किनारा दिसतो आणि बाकोलोद येतं. अलीकडे पानाय बेट, पलीकडे नेग्रोस. भाषा दोन्ही शहरांत एकच, हिलिगायनोन. कोंबडीचं इनासाल, म्हणजे मुरवून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, आमचंच, असं दोन्ही किनाऱ्यांवर ठणकावून सांगतात. माझं मत बाकोलोदच्या बाजूने पडतं. इथल्या कोंबडीत आंबटपणा, गवती चहा आणि धूर हे तिन्ही वेगवेगळे कळतात.

फिलिपिन्समध्ये फिरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'इनासाल' म्हणजे नुसतं 'भाजलेलं'. भाजणे या अर्थाच्या स्पॅनिश 'असार'पासून तो शब्द आला. म्हणून सेबूत इनासाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निखाऱ्यावर फिरणारं अख्खं डुक्कर येतं. कोंबडी हवी असेल तर 'मानोक' हा शब्द जोडून बोला. 2003 साली इलोइलोत सुरू झालेल्या 'मांग इनासाल' या खानावळींच्या साखळीने हे नाव देशभर नेलं. बाकोलोदमध्ये मात्र ही रस्त्याकडेची जुनी धंद्याची चीज. आधी क्वाद्रा रस्त्यावर भट्ट्यांची रांग होती, मग 'मानोकान कंट्री'चं नाव झालं. मानोक म्हणजे कोंबडी, मानोकान म्हणजे कोंबडीचं ठिकाण.

भट्टीजवळ उभं राहिलं की आधी रंग दिसतो. तो नारिंगी-पिवळा रंग हळदीचा नाही आणि तिखटाचाही नाही, तो अचुएतेचा. आपल्याकडे कोकणात परसात लावतात ती शेंदरी हीच. मेक्सिकोहून मनिलाला येणाऱ्या गलबतांबरोबर ती या बेटांवर पोचली. बिया तेलात तापवून रंग उतरवतात आणि तेच तेल भाजताना कोंबडीवर फिरवत राहतात.

मुरवणीचं प्रमाण असं. एक किलो तंगडी-मांडीचे चार तुकडे घ्या. नारळाच्या सुरेचं व्हिनेगर 120 मिली, कालामान्सीचा रस 60 मिली, लसणाच्या आठ पाकळ्या, दोन इंच आलं, गवती चहाच्या चार काड्यांचा खालचा पांढरा भाग, दोन मोठे चमचे तांबूस साखर, एक मोठा चमचा मीठ, एक लहान चमचा मिरपूड. काड्या चिरू नका, दगडाने ठेचा. तेल सुटतं ते ठेचल्यावर. कालामान्सी हे सुपारीएवढं आंबट फळ आहे. ते नसेल तर दोन भाग कागदी लिंबू आणि एक भाग संत्र्याचा रस, चव बरीच जवळ जाते. व्हिनेगर मात्र गोव्यात माडाच्या सुरेचं मिळतं तेच घ्या. बाटलीतल्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरने सगळं घशाला लागतं. साखरेलाही इथे अर्थ आहे. नेग्रोस हे फिलिपिन्सचं उसाचं बेट, आणि इथली मुस्कोवाडो आपल्या गुळाच्या पावडरीच्या अगदी शेजारची.

सोया सॉस घालू नका. अनेक पाककृतींत तो असतो, पण त्याने कोंबडी काळपट होते आणि गवती चहा दबून जातो.

मुरवायला तीन-चार तास पुरतात. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा. आम्लात जास्त वेळ राहिलेल्या मांसाचा वरचा थर पांढरट होतो आणि भाजल्यावर खडूसारखा भुगभुगीत लागतो. मांडीला हाडापर्यंत दोन चिरा द्या, नाहीतर बाहेरून करपते आणि हाडाजवळ रक्त राहतं. नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक हीच. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून प्रत्येक तुकड्यात दोन-दोन समांतर खोचा. एकाच काडीवर तुकडा गरगरतो आणि उलटवता येत नाही.

रंगाच्या तेलासाठी 100 मिली तेल किंवा कोंबडीची चरबी आणि दोन मोठे चमचे शेंदरीच्या बिया. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तेल केशरी झालं की उतरवून गाळा. बिया काळ्या पडू दिल्या तर तेल कडू होतं आणि त्याला इलाज नाही. त्यात ठेचलेला लसूण, चिमूट मीठ आणि थोडा लिंबूरस. फिरवायला गवती चहाच्या काडीचं टोक ठेचून केलेला ब्रश उत्तम. मुरवणीचं उरलेलं पाणी शेवटी वरून लावू नका, त्यात कच्च्या कोंबडीचा अंश असतो.

निखाऱ्यावर राख चढू द्या. जाळी निखाऱ्यापासून एक वीतभर उंच हवी. कातडी वर ठेवून सुरुवात करा आणि दर चार-पाच मिनिटांनी उलटा. पहिली दहा मिनिटं तेल लावायचं नाही, कारण चरबी टपकून भडका उडतो आणि साखर काळी पडते. भडका उडालाच तर पाणी मारू नका, राख उडून तुकड्यांवर बसते. तुकडे जाळीच्या कडेला सरकवा. साधारण 35 ते 40 मिनिटं लागतात. हाडाजवळ सुरी खुपसल्यावर स्वच्छ रस आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर 74 अंश किमान, पण मांडीला 80 च्या पुढे गेल्यावरच खरा मऊपणा येतो.

पानात लसणाचा भात येतो, आणि टेबलावरच्या बाटलीतलं केशरी तेल भातावर ओततात. शेजारी सिनामाक असतं: नारळाचं व्हिनेगर, लवंगी मिरचीसारख्या लहान तिखट मिरच्या, लसूण, आलं, मिरे आणि लांगकावास, म्हणजे कुलंजनाच्या जातीचं कंद. बाटलीत भरून आठवडाभर ठेवलं की ते खरं तयार होतं. वाटीत सिनामाक, थोडा सोया सॉस आणि कालामान्सी पिळून स्वतःची चटणी कालवायची. सोयाची जागा इथे, भट्टीवर नाही. खायचं हाताने, त्याला हिलिगायनोनमध्ये 'किनामोत' म्हणतात.

ऑर्डर देताना भागाचं नाव सांगावं लागतं. 'पा' म्हणजे तंगडी-मांडी, 'पेचो' छातीचा तुकडा, 'पाकपाक' पंख, 'आताय' कलेजी. पहिल्यांदा जाणाऱ्याने पा मागावा. पेचो लवकर कोरडा पडतो, त्याला जाळीवर दहा मिनिटं कमी हवीत आणि गर्दीत ती नेमकी मिळत नाहीत. 'इसोल' म्हणजे शेपटीकडचा चरबीचा तुकडा. पाच-सहा इसोल एका काडीवर ओवून कातडी कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. एका कोंबडीला इसोल एकच, त्यामुळे हवं असेल तर संध्याकाळी भट्टी पेटतानाच सांगून ठेवा.