थिब्सला काढा म्हणणारी मीच, आणि काढल्यावर चिडणारीही मीच

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हीच लिंक तोंडावर फेकता येईल. विषय अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली माझी टीम न्यू यॉर्क निक्स, आणि तिचा तेव्हाचा कोच टॉम थिबोडो, म्हणजेच थिब्स. प्रश्न भाच्यापासून ते सकाळी कोर्टवर येणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच असतो. "अख्खा सीझन थिबोडोला काढा थिबोडोला काढा करून कान किटवलेस, आणि निक्सनी 3 जून 2025 ला खरंच काढला तर दोन दिवस कोणाशी धड बोलली नाहीस. नक्की हवं काय तुला?"

आधी हे सांगते की मी दोन्ही वेळेला शुद्धीत होते.

थिब्सवर माझा राग होता तो मिनिट्सवरून, म्हणजे तो त्याच त्याच प्लेयरना किती वेळ कोर्टवर ठेवायचा त्यावरून. ब्रन्सन, ब्रिजेस, हार्ट, अनुनोबी, टाउन्स हे पाच जण एकत्र जितके खेळले तितकी त्या सीझनला लीगमधली दुसरी कुठलीच पाचांची जोडणी खेळली नाही. मार्चमध्ये ब्रिजेस पेपरवाल्यांशी उघड बोलला की मी कोचला सांगितलंय, आमच्या मिनिट्स जरा कमी करा, बेंचवर चांगली पोरं बसलीयत. त्यावर थिब्स म्हणे असं बोलणं झालंच नाही. आता एवढा अबोल माणूस, जो एक मॅच चुकवत नाही, तो बोलतोय म्हणजे पाणी कुठवर आलं असेल! आणि त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं ते मी तरी विसरले नव्हते. रँडलचा खांदा, रॉबिन्सनचा घोटा, अनुनोबीचं हॅमस्ट्रिंग, आणि पेसर्सविरुद्ध गेम सेव्हनमध्ये ब्रन्सनचा हात मोडला. सगळं मिनिट्समुळेच झालं असं कोणी सिद्ध करू शकत नाही, मी पण नाही. पण माझा स्वतःचा गुडघा कॉलेजात असाच गेलाय. सुजलेला असताना सरांनी खेळवलं, आणि मला बाहेर बसायचं नव्हतं हेही तितकंच खरं. त्यामुळे "प्लेयरलाच खेळायचं असतं" हे थिब्सवाल्यांचं आर्ग्युमेंट माझ्यापुढे करू नका, मी ते आतून बघितलंय.

बरं, आता ती मॅच. हिच्याबद्दल कोणी नीट विचारत नाही, सगळे थेट निकालावर येतात.

22 मे, आपली पहाट साडेपाच. ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा, म्हणजे एनबीएच्या सेमीफायनल सीरिजचा पहिला गेम, परत पेसर्सविरुद्धच, तोही गार्डनमध्ये, म्हणजे निक्सच्या घरच्या कोर्टवर. निक्स 2000 नंतर पहिल्यांदा तिथवर पोचलेले, ते पण बॉस्टनला घरी पाठवून. नवऱ्याचा डबा करायचा होता म्हणून फोन कणकेच्या डब्याला टेकवून ओट्यावरच ठेवला होता, आवाज अगदी बारीक, कारण आत सासूबाई झोपलेल्या. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला ब्रन्सनला पाचवा फाउल लागला आणि तो बेंचवर गेला तेव्हा मी म्हटलं संपलं, तर उलटंच झालं, त्याच्याशिवायच पोरांनी लीड वाढवला. शेवटची तीन मिनिटं पण राहिली नव्हती आणि आपण चौदाने पुढे. चौदा! मी पोळ्या लाटायला घेतल्या, म्हणजे मनाने मॅच सोडलीच होती. आणि मग तो पेसर्सचा नेस्मिथ. एक थ्री गेला, म्हणजे लांबून टाकलेला तीन पॉइंटचा शॉट, ठीक आहे. दुसरा गेला. तिसऱ्याला मी लाटणं खाली ठेवलं. त्या एका क्वार्टरमध्ये त्याने सहा थ्री टाकले, आणि बहुतेक सगळे शेवटी शेवटी, आपल्या पोरांचा हात त्याच्या तोंडावर आला असताना सुद्धा. तरी आपणच पुढे होतो, कारण समोरचे फाउल करत होते आणि फ्री थ्रो आपल्याला मिळत होते. टाउन्सने दोनातला एक घातला. अनुनोबीने दोनातला एक घातला. मग दोनाची लीड, सात सेकंद, पेसर्सचा हॅलिबर्टन आत घुसला, परत मागे आला आणि थ्रीच्या लाइनवरून फेकला. बॉल रिंगच्या मागच्या बाजूला आपटून इतका वर उडाला की स्क्रीनच्या बाहेर गेला, खरंच, फोनवर दिसेनासा झाला, आणि खाली आला तो सरळ जाळीत. त्याला वाटलं थ्री आहे, जिंकलो, म्हणून पळत जाऊन त्याने गळा दाबून दाखवला. 1994 ला पेसर्सच्याच रेजी मिलरने ह्याच गार्डनमध्ये दाखवला होता तसाच, आणि रेजी मिलर तिथेच कॉमेंट्रीला बसलेला! रिप्लेमध्ये कळलं की पायाचा अंगठा लाइनवर होता, म्हणजे दोनच पॉइंट, 125-125. मला वाचल्यासारखं वाटायला हवं होतं ना? अजिबात नाही वाटलं. खेळलेल्या माणसाला कळतं की अशी ओव्हरटाइम कोण जिंकतं. 138-135. शेवटचा डंक कोणाचा, तर ओबी टॉपिनचा, ज्याला आपणच ड्राफ्टमध्ये आठव्या नंबरला घेऊन तीन वर्षांनी दोन सेकंड राउंड पिकांवर (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा प्लेयर निवडायचा हक्क) पेसर्सना विकला होता. ब्रन्सनचे 43 आणि टाउन्सचे 35 असून हरलो. सासूबाई उठून बाहेर आल्या, "काय गं, कोणाला काही झालं का?" काय सांगणार.

त्या सकाळी ग्रुपवर मी जे लिहिलं ते तुम्ही अजून स्क्रीनशॉट काढून दाखवता. "आत्ताच्या आत्ता काढा ह्याला." हो, लिहिलं. पण सांगा, दोनदा दोनातला एकच फ्री थ्रो घातला तो थिब्सने का? हाच प्रश्न मला तेव्हा कोणीतरी विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं की दमलेल्या पायांनी फ्री थ्रो आखूड पडतात. ते उत्तर मी अजूनही मागे घेत नाही. फक्त आता मी दोन्हीकडून भांडते.

कारण जूनमध्ये जेव्हा बातमी आली, पेसर्सकडून सीरिज हरून तीन दिवस झाले होते फक्त, तेव्हा मी शांतपणे हिशोब मांडला. थिब्सने बेंच वापरला नाही म्हणता, पण बेंच होता कुठे? ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राउंड पिक दिले. टाउन्ससाठी रँडल आणि डिव्हिन्चेन्झो गेले. हार्टेनस्टाईनला आपल्याला नियमाने चार वर्षांचे साडेबहात्तर मिलियन डॉलरच देता येत होते, ओक्लाहोमाने तीन वर्षांचे 87 दिले, तो गेला, आणि 2025 च्या जूनमध्ये त्याच पेसर्सना हरवून चॅम्पियन झाला. हे सगळं मॅनेजमेंटने केलं, कोचने नाही. ब्रन्सनचं तर काय बोलायचं, एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे 269 मिलियन मिळू शकले असते, त्याने 2024 ला चार वर्षांच्या 156.5 वर सही केली, का तर टीमला दुसऱ्या एप्रनच्या खाली, म्हणजे लीगने टीमच्या एकूण पगारावर घातलेल्या एका लाइनच्या खाली, श्वास घेता यावा. ती लाइन ओलांडली की ट्रेडमध्ये दोन पगार एकत्र करता येत नाहीत, बाहेरून माणूस घ्यायचे रस्ते जवळजवळ बंद होतात. प्लेयरने खिशातले सोडले, आणि मालकांनी काय केलं, तर ज्या कोचला मागच्याच उन्हाळ्यात तीन वर्षं वाढवून दिली होती, ती सुरू व्हायच्या आत त्याला पैसे देऊन घरी बसवला. पैसे आहेत हो, फक्त कोर्टवर उतरणाऱ्यांसाठी नाहीत, कारण कोचचा पगार कॅपमध्ये, म्हणजे प्लेयरांच्या पगाराच्या मर्यादेत, मोजतच नाहीत.

आणि पर्याय काय होता हातात? काहीच नाही! आधी काढला, मग दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारत फिरले, तुमचा कोच देता का. डॅलसला किडसाठी विचारलं, ह्यूस्टनला उडोकासाठी, मिनेसोटाला फिंचसाठी, अटलांटाला स्नायडरसाठी, शिकागोला डॉनोवनसाठी. सगळीकडून नाही. इतकं लाजिरवाणं मी बघितलं नाही, लग्न मोडून मग स्थळं शोधायची तशातली गत. शेवटी जुलैमध्ये माइक ब्राऊन. माणूस चांगला आहे, दोनदा कोच ऑफ द इयर झालाय. पण थिब्सही दोनदा झाला होता, ते कोणी बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काढायला नको होता. थांबा. गेम थ्री आठवा. इंडियानात एकदा वीसने मागे होतो, पण त्या दिवशी त्याच थिब्सने हार्टला बेंचवरून आणून रॉबिन्सनला सुरुवातीला उतरवलं होतं आणि शॅमेट आणि डेलॉन राइटला खेळवलं, आणि आपण 106-100 जिंकलो. म्हणजे बेंचवर माणसं होती! वर्षभर तिथेच बसली होती! टाउन्सने चौथ्या क्वार्टरमध्ये वीस टाकले हे खरं, पण ती दोन पोरं नसती तर टाउन्सपर्यंत मॅच पोचली असती का? दोन गेम हरल्यावर त्याला जे सुचलं ते जानेवारीत का नाही सुचलं? हे लिहिताना सुद्धा माझं डोकं परत तापलं बघा.

भाचा म्हणतो मावशी तू कन्फ्यूज आहेस. मी अजिबात कन्फ्यूज नाही. त्याला काढायला कारण होतं, आणि ज्यांनी काढलं त्यांना तो काढायचा हक्क नव्हता कारण अर्धा घोळ त्यांच्याच सह्यांचा आहे, ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वेळी राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही, तर नाही पटत. मालकांना 1973 नंतरचं पहिलं टायटल हवं होतं, मला पण हवं होतं.

आणि हो, ब्रिजेसच्या एक्स्टेन्शनबद्दल, म्हणजे वाढवलेल्या कराराबद्दल, कालच परत दोघांनी विचारलं. चार वर्षांचे 150 मिलियन जास्त की कमी. नियमाने मिळू शकणाऱ्या मॅक्सपेक्षा थोडे कमी घेतलेत त्याने, पण पाच पिक देऊन आणलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय तुमच्याकडे राहिलेलीच नसते, समोरच्याला ते माहीत असतं. ते वेगळं लिहीन. त्यात परत थिब्सचा विषय काढलात तर ब्लॉक करीन.