आवडती कुठली?

सुऱ्या जमवणाऱ्याला कुणी ‘यातली तुमची आवडती कुठली?’ असं विचारलं, की हात आधी जातो तो सगळ्यात देखणीकडे. पातं दमास्कस, त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. पण हे उत्तर बहुधा खरं नसतं. हल्लीच्या बहुतेक दमास्कस सुऱ्यांत ती नक्षी नुसती दोन्ही अंगांवर असते. कापतो तो मधला साध्या पोलादाचा थर.

खरं उत्तर हवं असेल तर पट्टी घ्यावी आणि पात्यांची रुंदी मोजावी. जी सर्वांत झिजलीय, ती आवडती. धारेच्या दगडावर घासताना पातं दर वेळी केसभर कमी होतं. मुळात 45 मिलिमीटर असलेलं पातं 40वर आलं असेल, तर मालकाने तोंडाने काहीही सांगो, बाकीच्या हौसेच्या आहेत. त्यांना तेल मिळतं, काम मिळत नाही.

ही झीज वाचताही येते. काही सुऱ्यांत मुठीजवळचा जाड गठ्ठा थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. तो दगडावर घासला जात नाही, म्हणून तेवढाच भाग उंच राहतो. मग पातं फळीवर पुरतं टेकत नाही, मधे फट राहते आणि कांद्याच्या चकत्या सुट्या न होता माळेसारख्या एकमेकींना धरून राहतात. दोष धारेला दिला जातो, पण खरं तर तो गठ्ठा घासून खाली आणायला हवा.

दुसरी तक्रार हमखास ऐकू येते: धार आहे, पण कापत नाही. पातं पाठीकडे जाड होत जातं. धार झिजून वर सरकली की ती त्या जाड भागात पोहोचते. कागद सुर्रकन कापला जातो आणि गाजर मात्र कट्‌कन फुटतं, कारण पातं आता पाचरीसारखं शिरतं. अशा वेळी नुसती धार लावून भागत नाही. पातं दगडावर जवळजवळ आडवं ठेवून धारेमागची जाडी उतरवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, आणि त्यात पात्यावर ओरखडे उठतात. देखणीवर ते करायला हात धजत नाही, आवडतीवर धजतो.

कोनाचंही तसंच. एका बाजूला 15 अंश धरायचे, तर 45 मिलिमीटरच्या पात्याची पाठ दगडापासून साधारण 12 मिलिमीटर उचलायची. तेच पातं 40चं झालं, की साडेदहा पुरतात. जुन्या सवयीने 12च ठेवले, तर कोन नकळत मोठा होत जातो. 1000 नंबरच्या, म्हणजे मध्यम खरबरीत दगडावर एक बाजू घासत राहायची, ती पलीकडे अंगठ्याला बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ही कड टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली पाहिजे. मग बाजू बदलायची. कड यायच्या आधीच बाजू बदलणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक.

पोलादाचा स्वभावही निवडीत येतो. रॉकवेल मापात 56–58 कठीणपणाच्या सुरीची धार मुडपते. पोलादी कांबीवर चार हात फिरवले की सरळ होते. 61–62ची धार जास्त टिकते, पण टणक काही कापताना मनगट वळलं की तिचा टवका उडतो. खरबरीत कांब तिला लावूच नये. साध्या कार्बन पोलादावर कांदा-लिंबाने निळसर करडे डाग पडतात. ते घासून काढू नयेत, गंजाला तेच थोडंफार अडवतात. तांबूस दिसला, तर मात्र तो गंजच. अशी सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून विसरायची नाही. चामडं ओल धरतं.

घडीच्या चाकूंची गोष्ट वेगळी, ते झिजण्याआधी हरवतात. तरी ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबर अनेकांच्या संग्रहात सापडतो: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ आणि 1955पासून पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी. मूठ भिजली की लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. वाळेपर्यंत थांबायचं, ओढाताण करायची नाही.

सुरी फारच अरुंद झाली, की चिरताना बोटांची पेरं फळीवर आपटायला लागतात. मग तिच्याकडे सोलायचं, कोरायचं काम येतं. फळीशेजारची जागा रिकामी होते आणि तिथे पहिले काही दिवस रोज वेगळी सुरी दिसते.