तुम्ही विचारलंत म्हणून: हा रुपया घेऊ का?

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मठ्ठ्याच्या वाटीवर मोबाइल धरला, त्यात व्हिक्टोरिया राणीच्या तोंडाच्या जुन्या चांदीच्या रुपयाचा फोटो. "राणी छाप आहे. चार हजार म्हणतोय. घेऊ का?" मी विचारलं, "वजन किती?" ते म्हणाले, "वजन कशाला? फोटो आहे ना!" मी मठ्ठा प्यायलो. त्यांना राग आला असणार. नंतर आमच्या व्याह्यांकडे त्यांनी तक्रार केली म्हणे, की या माणसाला येत असूनही सांगत नाही.

सांगतो. एकदाच सगळं सांगतो, म्हणजे पुढच्या लग्नात जिलबी गरम असताना खाता येईल.

आधी एक गैरसमज. मी तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, म्हणून मला जुन्या नाण्यातलं कळतं असं तुम्हाला वाटतं. काउंटरवर चांदीचा रुपया एकदाही आला नाही. आले ते चिकटपट्टी लावलेल्या नोटा आणि भिजलेली चिल्लर. चांदीचा नाद वेगळा, तो पुण्याच्या जुन्या बाजारात लागला, बुधवारी आणि रविवारी, आणि त्यात मी फसलोही भरपूर. तो हनुमानाच्या चित्राचा, १८१८ साल लिहिलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 'अर्धा आणा' माझ्याकडेही आहे. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. देव्हाऱ्यात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण त्याचे लाख रुपये येतात असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.

आता तुमचा रुपया. पहिलं म्हणजे तो चांदी म्हणून घेताय की नाणं म्हणून, हे मला नाही, स्वतःला सांगा. १८३५ पासून १९३९ पर्यंत इंग्रजांचा रुपया एकाच मापाचा: बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. निव्वळ चांदी भरते १०.६९ ग्रॅम. आजचा भाव त्याला गुणा, त्यातून सराफ तूट कापेल ती वजा करा. रुपया याच्या खाली तर कुणी विकणार नाही. त्याच्या वर जे मागतोय, ते नाण्याचे. ते द्यायचे का, एवढाच प्रश्न उरतो, आणि बहुतेक वेळा उत्तर 'नको' असं असतं. राणी छाप म्हणजे दुर्मीळ ही समजूत कुठून आली कुणास ठाऊक. १८६२ सालचा रुपया दाखवून "दीडशे वर्षांचा आहे हो" म्हणतात. १८६२ हेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडले, तेही कोट्यवधी. सालावरून किंमत ठरत नाही, आणि वयावरून तर नाहीच. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, १९१२ ला हत्ती सुधारून काढला. त्या डुकराला आज जास्त मागतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची चूक, तिचे पैसे तुम्ही का द्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दिलेत.

आणि कृपा करून, विकत घेतल्यावर तो दंतमंजनाने घासू नका. काळपट रुपयाच खपतो. चकचकीत रुपया पाहिला की जाणकार माणूस खिशातला हात खिशातच ठेवतो.

हे सगळं मी कुणालाही सांगतो. सांगत नाही ते दुसरंच. फोटो बघून 'खरा' किंवा 'खोटा' असं मी एका शब्दात बोलत नाही, आणि त्याला कारण आहे.

१९८७ साली मी चोविसाचा होतो आणि मला सगळं येत होतं. घनता काढायची रीत नुकतीच शिकलो होतो. नाणं दोऱ्याला बांधून तराजूच्या दांडीला टांगायचं, खाली पाण्याचा पेला धरायचा, आणि पाण्यात बुडल्यावर वजन किती उतरतं ते बघायचं. चांगल्या रुपयाचं १.१३ ग्रॅम उतरतं. चांदी कमी असेल तर उतरतं जास्त. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडून शाळेची तराजू दोन दिवसांसाठी मागून आणली होती, काचेच्या पेटीतली. दोन दिवस मी घरातल्या चमच्यांसकट सगळं पाण्यात बुडवलं.

ती तराजू घेऊनच मी आत्याकडे गेलो. सातारा जिल्ह्यातलं गाव, एका अंगणाला दोन घरं, एकात आत्या, दुसऱ्यात तिची धाकटी जाऊ, जिला आम्ही काकू म्हणायचो. चहा एकाच पातेल्यात व्हायचा. आत्याच्या लग्नात, १९४४ साली, माझ्या आजोबांनी तिला एकवीस रुपये दिले होते. पितळी डब्यात, पिवळ्या फडक्यात. तिने ते कधी मोडले नाहीत. मुलीच्या लग्नातही नाही, विहिरीच्या वेळीही नाही. "बापाचे आहेत," म्हणायची. मी डबा मागितला, तिने कौतुकाने उघडला. पोर शिकलंय, बघू दे.

राजा छाप होते सगळे. वजन बरोबर, ११.६६ च्या आसपास. वाजवले तर खणखणीत. मग पाण्यात टांगला. १.२२ उतरलं. परत टांगला. १.२२. माझा स्वतःचा राणी छाप खिशात होताच, तो टांगला: १.१३. आत्याचे आणखी दोन टांगले, तेही १.२२.

आजचा मी तेव्हाच्या मला विचारतो, तिन्ही एकसारखे निघाले तेव्हा तरी शंका कशी आली नाही? खोटे रुपये इतके एकसारखे कुठून येतील? पण तेव्हाचा मी तयार आहे. तो म्हणतो, एकसारखे आहेत म्हणजेच एका साच्यातून काढलेत, एका माणसाने. त्याचं डोकं असं चालत होतं. शहाणपणाचा अभाव नव्हता, उलट जास्तच होता.

दुसऱ्या दिवशी एक रुपया घेऊन मी तालुक्याच्या सराफाकडे गेलो. त्याने कडेला कानस मारली, आतला भाग दगडावर ओढला, वर थेंब टाकला. म्हणाला, "निम्मी आहे. मोडीत देणार असाल तर निम्म्याचे देईन." एवढंच. पुढचं सांगितलं नाही. त्याला ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही, पण गिऱ्हाइकाने विचारलं तेवढंच सांगायचं हा त्याचा धर्म.

मी घरी येऊन आत्याला काय म्हणालो? माझ्या आठवणीत मी म्हणालो, "चांदी निम्मीच आहे." आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, म्हणतो की मी म्हणालो, "कुणीतरी बदललेत." हे भांडण आमच्यात अजून मिटलेलं नाही. त्याला तेव्हा सोळावं होतं, आणि तो दारात उभा होता. मी म्हणतो, आपल्याला जे ऐकायचं असतं ते आपण ऐकतो. तो म्हणतो, बोलायचं तेच माणूस बोलतो.

काही असो. १९७९ मध्ये आत्याच्या यजमानांच्या आजारपणात ती आठ महिने मुंबईला होती, आणि डबा काकूंकडे ठेवला होता. आत्या उठली नाही, ओरडली नाही. फडकं बांधलं. फक्त म्हणाली, "तरीच." त्या एका शब्दाने काम झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा अंगणात मधोमध पत्रा उभा होता.

मला खरं कळलं तीन वर्षांनी, पुण्यात नाण्यांच्या एका प्रदर्शनात. एका जाडजूड सूचीत सहावा जॉर्ज, म्हणजे आत्याच्या रुपयांवरचा राजा, उघडला होता, आणि कोष्टकात सरळ छापलं होतं: १९४० ते १९४५, चांदी .५००. दुसऱ्या महायुद्धात चांदी मिळेना, लोक रुपये साठवायला लागले, तेव्हा सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन तेच, रूप तेच. जुने भर चांदीचे रुपये त्याच काळात चलनातून काढून घेतले. १९४४ साली लग्नात रुपये द्यायचे तर आजोबांना बाजारात दुसरे मिळणारच नव्हते. बदल ओळखू यावा म्हणून कडेला खूणही केली होती: दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच, गोलाकार फिरत गेलेली. भर चांदीच्या रुपयाच्या कडेला ती नसते.

आत्याच्या एकवीसही रुपयांवर साल होतं. १९४२, १९४३. मी वजन केलं, बुडवलं, वाजवलं, साल वाचलंच नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचलं असणार, नाणं बघताना पहिलं तेच दिसतं. पण त्याचा अर्थ मला लागत नव्हता, आणि लागत नाही हेही मला कळत नव्हतं. कडेवरून तर मी अंगठा फिरवला होता. दोऱ्याची गाठ बसवायला.

मी पुढच्याच शनिवारी एसटी धरली. पुस्तकातलं पान हाताने उतरवून घेतलं होतं. आत्याने ऐकून घेतलं, चष्मा लावून कागदही पाहिला. मग म्हणाली, "सरकार कशाला रे खोटं नाणं काढेल?"

मी म्हटलं, खोटं नाही, खरंच आहे, फक्त चांदी निम्मी.

"निम्मं म्हणजे खोटंच." तिने कागद घडी करून मला परत दिला. "तू त्या वेळी बरोबर सांगितलंस. आता तुला कुणी तरी पढवलंय."

काकूंकडे गेलो. पत्र्याला वळसा घालून, मागच्या दाराने. त्यांना सांगितलं की तुमचा काही दोष नव्हता, आता सिद्ध झालं आहे. त्या ज्वारी निवडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "ते मला माहीतच होतं की."

मी नेमकं काय करायला हवं होतं? गप्प बसायला? तराजू खोटं बोलली नव्हती. चांदी निम्मी होती, आणि आत्या त्या रुपयांचे पूर्ण चांदीचे पैसे धरून बसली होती. उद्या अडीअडचणीला मोडायला गेली असती तर सराफाने हेच सांगितलं असतं, आणि डबा काकूंकडे होता हे तिलाच आठवलं असतं, मी नसतो तरी. असं मी स्वतःला सांगतो. मग आतेभावाचा दारातला चेहरा आठवतो.

म्हणून तुमचा फोटो आला की मी 'साल काय, वजन काय, कुठून आला' विचारत बसतो. काही दुकानांत दिवाळीला राणीच्या तोंडाचे नवे रुपये पाडून विकतात. त्यांत चांदी खरी आणि रुपया खोटा. आत्याकडे रुपया खरा आणि चांदी निम्मी. हाळी सिक्का, म्हणजे निजामाचा चारमिनार छाप रुपया, ११.१८ ग्रॅमच भरतो आणि चांदीही कमी, शेकडा ब्याऐंशीच्या आसपास. मराठवाड्यातल्या कुणाच्या आजीला तुम्ही इंग्रजी रुपयाचं माप लावून "कापलेला आहे" म्हणालात, तर तिथेही पत्रा उभा राहील. 'खरा आहे का' याला मी लगेच उत्तर देत नाही, ते भाव खायला नाही. आणि कधी कधी भाव खायलाही असेल, नाकारत नाही.

आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. पत्रा आतेभावाने काढला, घरावर टाकायला लागत होता म्हणून. डबा घेऊन तो माझ्याकडे आला. मी हिशोब करून दिला: एका रुपयात ५.८३ ग्रॅम, एकवीस रुपयांत १२२ ग्रॅम चांदी, वर नाणं म्हणून थोडे जास्त मिळतील, फार नाही, हे साल ढिगाने सापडतं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "मग घेतोस का?"

इतकी वर्षं लोकांना जे विचारायला लावतो, ते सगळं मला आधीच माहीत होतं. साल, वजन, कड, कुठून आले. मी घेतले नाहीत.

त्याने ते पुण्यात विकले, वीस. एकविसावा दुकानदाराने बाजूला काढला, कडेला कानस मारलेली होती म्हणून. तो त्याने पाकिटात घालून मला पाठवला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. टेबलाच्या खणात आहे. कानशीच्या दोन्ही बाजूंना दाते शाबूत आहेत, आणि त्यांच्या मधली खाच नखाला लागते.

तर फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंचे पाठवा. आणि एक कडेचा.