ऐनाचा फाटा: पिसारा निघाला, पण पानं वाकली

राजेहो, मागे ज्या ऐनाच्या फाट्याबद्दल (झाडाचा दोन फांद्या फुटतात तो तुकडा; त्याची पातळ पानं काढून प्लायवर चिकटवून कपाटाची दारं करायची होती) लिहिलं होतं, तो अखेर लकडगंजातल्या आरामशीनवर उघडला. पिसारा निघाला! दोन फांद्या फुटतात तिथून वर पसरत गेलेला गडद चॉकलेटी पट्टा, मधून काळ्या रेघा, आणि तुकडा तिरक्या उजेडात फिरवला की चमक एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते. टाकाऊ कोपऱ्यावर लाखेच्या पॉलिशचा एक हात मारून बघितला आणि बराच वेळ नुसता बघतच बसलो. मशीनवाला म्हणे, "भाऊ, हे तं सरपनात जाते. कायले पाह्यजे तुमाले?"

इथेच आपलं फावतं. नागपुरात भाव आहे तो सरळ रेघेच्या, बिनगाठीच्या सागाला. बल्लारशा, आलापल्लीकडचा साग दारं-चौकटींसाठी हातोहात जातो. फाटे, गाठी, बुंध्याचे वाकडे तुकडे मात्र टालावर (जळाऊ लाकडाच्या वखारीत) कुऱ्हाडीची वाट बघत पडतात. तिथे आधी पोहोचा. फक्त बिल पक्कं घ्या, आणि शिसव असेल तर बिलाशिवाय हातच लावू नका.

आता रडगाणं. फाट्याची ३ मिमीची पानं बँडसॉवर काढली. निघाली तेव्हा सपाट होती, सकाळी बघतो तर पापड! मे महिना, पारा ४५ च्या आसपास, दुपारच्या हवेत २० टक्केही ओल नाही. ऐन मुळातच वाळताना तडकणारा, त्यात फाट्यातले धागे एकमेकांत गुंतून जागोजागी उभे वर येतात. सरळ लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. हे लांबीतही आकसतं, आणि प्रत्येक जागी वेगळं.

मग नेहमीचा उपाय: पाणी, ग्लिसरीन, थोडं स्पिरिट. पानं भिजवली, कोऱ्या कागदात घालून दोन प्लायच्या मध्ये क्लॅम्पखाली दाबली, कागद बदलत राहिलो. (वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आणि ग्लिसरीन मेडिकलमधून नको, चिमुकल्या बाटलीत खिसा रिकामा होतो. केमिकलच्या ठोक दुकानातून घ्या.) छोटी पानं छान बसली. मोठं पान क्लॅम्प सोडल्यावर तासाभरात परत वर आलं आणि पिसाऱ्याच्या बरोबर मधोमध तडकलं. बुकमॅचची जोडी (पुस्तकासारखी उघडून शेजारी-शेजारी लावायची दोन पानं) त्याचीच होती.

गंमत म्हणजे कूलरच्या खोलीत विसरलेलं एक पान अजून सपाट आहे. कूलर चालू असताना तिथे ओलीचा मीटर ५५-६० टक्के दाखवतो, म्हणजे लाकडात साधारण १० टक्के ओल राहणार. मेमध्ये बाहेर ती ४-५ वर येते, पावसाळ्यात १५ च्या घरात जाते. म्हणजे कूलरची खोली वर्षाच्या बरोबर मध्यावर बसते! चिकटवायचं तर तिथेच. घरच्यांची परवानगी अजून मिळायची आहे.

हे लिहिता लिहिताच दुसरं लक्षात आलं. ३ मिमी जाडीला लाकूड गोंदाचं ऐकत नाही. बाजारातलं व्हेनीअर (लाकडाचं तयार पातळ पान) अर्ध्या मिमीच्या आसपास असतं, म्हणून ते प्लायवर गुमान पडून राहतं. तेव्हा पानं दीड मिमीपर्यंत घासायची, मागच्या बाजूलाही त्याच जाडीचं साधं पान लावायचं, आणि फेव्हिकॉलऐवजी इपॉक्सी वापरायची, कारण तिच्यात पाणी नाही. कपाटाची दारं तूर्त रद्द. उरलेल्या छोट्या पानांत पेटीचं झाकण होतं, कडेला हळदूची पिवळी पट्टी.

दारांसाठी ऑनलाइन मागवलेलं "नॅचरल" व्हेनीअरही आलं. सगळी पानं हुबेहूब सारखी, एक गाठ इकडची तिकडे नाही. रंगवलेलं रेकॉन आहे (साध्या लाकडाचे थर रंगवून, चिकटवून पुन्हा कापलेलं व्हेनीअर), सरळ परत पाठवलं. रेकॉन वाईट नसतं, पण मग रेकॉन म्हणून विका ना.

टालावर शिरीषाचा एक बुंधा हेरून ठेवलाय, टोकांना मेण लावून आणणार आहे. तोवर एक विचारायचं होतं: नागपुरात कोणाकडे व्हॅक्यूम बॅग (हवा काढून सगळीकडे सारखा दाब देणारी पिशवी) आहे का? फाट्याच्या पानांवर क्लॅम्पचा दाब सगळीकडे सारखा बसत नाही. एका रविवारपुरती मिळाली तरी चालेल, बदल्यात ऐनाचा एक तुकडा देईन.