अल्झायमर आधी कुठल्या पेशी गाठतो?

अल्झायमरच्या सुरुवातीला माणूस तासाभरापूर्वीचं जेवण विसरतो, पण जिना नीट चढतो. हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग तेव्हा बहुतांशी शाबूत असतात. पहिला मोठा फटका बसतो तो हिप्पोकॅम्पसला (नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाला) लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या पट्ट्याच्या दुसऱ्या थराला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, लक्षणं अगदी सौम्य असलेल्यांच्याही या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी मेलेल्या आढळल्या. आजार बळावलेल्यांत ९० टक्के.

याच पेशी का? बाकीच्या मेंदूकडून आलेली माहिती त्या हिप्पोकॅम्पसला पोचवतात. त्यांचे अ‍ॅक्सॉन, म्हणजे संदेश वाहून नेणारे तंतू, लांब, आणि जोडण्या आयुष्यभर बदलत राहतात. म्हणजे ऊर्जेचा खर्च मोठा आणि प्रथिनांची साफसफाईही सतत. टाऊ हे प्रथिन एरवी अ‍ॅक्सॉनमधल्या सूक्ष्मनलिकांना आधार देतं. त्याला फॉस्फेट जास्त चिकटले की ते सुटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. खराब टाऊ वेळेत मोडीत काढता आलं नाही, की पेशीचं काही खरं नाही. या कामात मदत करणारं बॅग३ हे प्रथिन संदेश रोखणाऱ्या पेशींमध्ये जास्त असतं आणि त्या पेशींत टाऊच्या गुठळ्या कमी दिसतात. मला हा दुवा फार मोलाचा वाटतो. २०२१ मध्ये एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या लवकर मरणाऱ्या पेशींची खूण म्हणून आरओआरबी हे जनुक पुढे आलं. पण ती ओळखीची खूण आहे, तेच मृत्यूचं कारण आहे असं ठरलेलं नाही.

टाऊतला बिघाड याहूनही आधी मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियसमध्ये दिसतो, काही वेळा तिशीच्या आतल्यांमध्येही. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर साठणारं दुसरं प्रथिन, अमायलॉइड, मात्र बहुधा मेंदूच्या बाहेरच्या थरात आधी साठतं. पेशी कुठे मरतात हे त्यापेक्षा टाऊच्या नकाशावरून अधिक नेमकं कळतं.

घरच्यांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. एमआरआयच्या अहवालात नुसतं ‘वयानुसार बदल’ असेल, तर मेडियल टेम्पोरल अ‍ॅट्रॉफीचा (हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा भाग किती आक्रसला त्याचा) ० ते ४ पैकी गुण किती, हे विचारा. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त असेल तर ते सहसा वयाच्या खात्यात टाकत नाहीत. दुसरं, स्मृतीची चाचणी घेताना सूचक शब्द देऊन पाहिलं का? नैराश्यात किंवा लक्ष नसताना ‘एक फळ होतं’ एवढं सांगितलं तरी बऱ्याचदा शब्द आठवतो. एन्टोऱ्हायनलची वाट तुटलेली असली तर शब्द आत साठलेलाच नसतो, त्यामुळे सूचनेचा फारसा उपयोग होत नाही.