वेत खाणाराच गुरुजी झाला

जॅकी चॅन म्हटलं की आपल्याला हिंदी डबिंगवाला, शिडी, खुर्ची, छत्री जे हाताला लागेल ते घेऊन मारामारी करणारा हसरा बाबा आठवतो. पण हा माणूस घडला कुठे हे दाखवणारा १९८८चा हाँगकाँगचा 'पेंटेड फेसेस' पाहिलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. कुणाला सांगायला जावं तर पहिला प्रश्न, फायटिंग आहे का त्यात? नाहीये हो, जवळजवळ नाहीच.

साठच्या दशकातली गोष्ट. सात वर्षांच्या जॅकीला यू जिम-युएन गुरुजींच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या चिनी नाटकाच्या शाळेत घातलं, दहा वर्षांच्या करारावर. मग कोलांट्या, पाय फाकवणं, भिंतीला टेकून हातांवर उलटं उभं राहायचं ते गुरुजी पुरे म्हणेपर्यंत, आणि चूक एकाची असली तरी वेत सगळ्यांना. पुढे हाँगकाँगच्या मारामारीच्या सिनेमांत गाजलेले सॅमो हंग, युएन बियाओ, सगळी याच शाळेची पोरं.

आता गंमत बघा, सिनेमात गुरुजी झालाय खुद्द सॅमो हंग! म्हणजे ज्यानं वेत खाल्ले तोच आता वेत घेऊन उभा. मला वाटलेलं हा एकतर जुना हिशोब चुकता करणार नाहीतर गुरुजींच्या फोटोला हार घालणार, तर पठ्ठ्या दोन्ही करत नाही. पोरांना फोडून काढणारा हाच माणूस दुसऱ्या ऑपेरा शाळेच्या बाईंसमोर, म्हणजे चेंग पेइ-पेइसमोर, असा काही लाजतो की बोलायला शब्द सापडत नाहीत, आणि मग त्याचा राग करावा की कीव हेच कळत नाही.

खरी कळ पुढे आहे. ऑपेराला प्रेक्षकच उरत नाही, सगळे सिनेमाला पळालेले, आणि पोरांना पोटासाठी स्टंटमन व्हावं लागतं. लाम चिंग-यिंगचा म्हातारा होत चाललेला स्टंटमन तर बघवत नाही, शरीर मोडतं आणि डोकंही. एवढी मारून मुटकून शिकवलेली कला, तिची किंमत आता उंचावरून पडण्याएवढीच.

शेवटी शाळा बंद होते, गुरुजी अमेरिकेला निघतात. इथे पिक्चर जरा रडका होतो, कबूल. पण सॅमो हंगला यासाठी बेस्ट ॲक्टरचं हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड मिळालं ते उगाच नाही, आणि त्याला त्यासाठी एक फ्लाइंग किकसुद्धा मारावी लागली नाही.