छपरातून उडालेला माणूस

खेळण्यांच्या दुकानात नेलेलं पोर जेम्स बाँडचाच बाहुला मागतं. खलनायकासाठी हट्ट धरणारं मूल विरळा, आणि तो हट्ट पुरवणारे आईबाप त्याहून विरळा. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांनी जुन्या खेळण्यांच्या बाजारात गंमत होते: बाँड मिळतो, त्याच्या जिवावर उठलेले मिळत नाहीत. १९७९ साली ‘मूनरेकर’ हा बाँडपट आला तेव्हा अमेरिकेतल्या मेगो कंपनीने फूटभर उंचीच्या ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणारे बाहुले, काढल्या. त्यांत रॉजर मूरचा बाँड होता, तसा त्याच्या जिवावर उठलेला पोलादी दातांचा जॉजही होता. आज कलेक्टर मंडळी ताटकळतात ती त्या जॉजसाठी, आणि पैसेही बाँडपेक्षा जास्त मोजतात. पडद्यावर दर वेळी मार खाणाऱ्याची लिलावात तरी सरशी होते, हे मला मनापासून आवडतं.

पण बाँडला फूटभर उंच करून विकायची खरी सुरुवात त्याआधीची, १९६५ची. ए. सी. गिल्बर्ट या अमेरिकी कंपनीने शॉन कॉनरीच्या तोंडावळ्याचा बारा इंची बाँड आणला. सूटबूट नाही, टाय नाही. पोहायची चड्डी, पाण्यात घालायचा चष्मा, श्वासाची नळी, पायांत पोहायचे पंखे आणि टिकल्यांचं पिस्तूल! त्याच वर्षी ‘थंडरबॉल’ येत होता आणि त्यात पुष्कळशी मारामारी पाण्याखालीच होती, तेव्हा बाहुल्यालाही ओलं व्हायची तयारी ठेवणं भाग होतं. त्याच्या जोडीला ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातल्या खलनायकाचा नोकर ऑडजॉब होता. सिनेमात हा गडी टोपी भिरकावून दगडी पुतळ्याचं मुंडकं उडवतो. खेळण्यातल्या ऑडजॉबला कराटेचा पांढरा पोशाख दिला होता आणि टोपी फेकायची सोयही होती.

जाता जाता एक योगायोग. कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट हे १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधले बांबूउडीचे सुवर्णविजेते. ऑडजॉबचं काम केलेला हॅरॉल्ड साकाता हा १९४८च्या लंडन ऑलिंपिकमधला वजन उचलण्याचा रौप्यविजेता. गिल्बर्ट १९६१मध्येच वारले, त्यामुळे ही गाठ पडलेली त्यांना बघायला मिळाली नाही.

खेळण्यातल्या ऑडजॉबच्या टोप्या मात्र गेल्या. फेकायची वस्तू पोरं फेकणारच. भातुकलीतली पळी जशी सगळ्यांत आधी नाहीशी होते, तशा या टोप्या, नळ्या आणि पिस्तुलं कोचाखाली आणि केरात गेली. आता ‘लूज’, म्हणजे नुसता सुटा, बाहुला स्वस्त आणि सगळ्या सामानासकट, खोक्यासकट असलेला महाग. थोडक्यात, ज्या पोराने मनसोक्त खेळून घेतलं त्याने आपल्या म्हातारपणाची तजवीज बुडवली. सिनेमात वापरलेली ऑडजॉबची खरी टोपी १९९८ साली क्रिस्टीज्‌च्या लिलावात ६२ हजार पौंडांना गेली. बाँडच्या कपड्यांचं काय झालं, ते विचारावंसंही मला वाटलं नाही.

हल्लीच्या बड्या फिगर माणसाच्या उंचीच्या एक-षष्ठांश मापाच्या असतात. शिवलेला कोट, गालावरची खळी, आणि मनगटाला बदलायला पंजांचे तीन-चार जोड: एक पिस्तूल धरायला, एक पेला धरायला, एक नुसताच बाहीची बटणं नीट करायला. कारागिरीला तोड नाही. पण पंजा चढवताना मनगटाची खुंटी मोडेल या धास्तीने मालक त्याला कपाटातून काढत नाही. असला बाँड मला फुकट दिला तरी मी त्याच्याशी काय बोलू?

माझा खरा जीव आहे तो एका मोटारीतल्या माणसावर. १९६५मध्येच इंग्लंडच्या कॉर्गी टॉईजने बाँडची ॲस्टन मार्टिन काढली, मॉडेल नंबर २६१. सिनेमातली गाडी चंदेरी, खेळण्यातली सोनेरी, कारण चंदेरी रंग दिला तर गाडी रंगवायचीच राहिली असं वाटलं असतं. पुढून मशिनगनी बाहेर यायच्या, मागे गोळ्या अडवणारा पत्रा उभा राहायचा आणि बाजूचं बारीक बटण दाबलं की छप्पर उघडून शेजारच्या सीटवरचा गुंड थेट आकाशात. हाच तो. बोटाच्या पेराएवढा, बिननावाचा, गाडीत बसवलेला तोच मुळी बाहेर फेकण्यासाठी.

या गाडीचा व्हिडिओ भाच्याला दाखवला तर मशिनगनींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. “मामा, तो माणूस पडला कुठे?” एवढंच तीन-चारदा विचारलं. अगदी बरोबर प्रश्न. साठ वर्षांपूर्वी किती घरांत किती जण त्यासाठी सतरंज्या झटकत बसले असतील! कंपनीलाही याचा अंदाज होता, कारण खोक्यात ‘गुप्त सूचना’ लिहिलेलं एक पाकीट असायचं आणि त्यात जादा गुंड. बाँड एकच, गुंड मात्र दोन. तरीही दोन्ही हरवायचे.

आता या गुंडाच्या नकला निघाल्यात. गाडी जुनी, खोकं जुनं, पण सीट रिकामी असेल तर नवा गुंड आणून बसवतात. मग घेणारा भिंग लावून बघतो: प्लास्टिक तेव्हाचं आहे ना, रंग पटतोय ना, हा मूळचा की कुणी मागाहून घुसवलेला? खोटी ओळख घेऊन परक्या गाडीत बसण्याचं हेरगिरीचं काम अखेर त्याच्याच वाट्याला आलं. शेजारी बाँड स्टिअरिंग धरून बसलेला असतो. त्याची कुणी चौकशीही करत नाही, कारण तो गाडीतून उतरलेलाच नसतो.